एकवीस दिवस

आमच्या फॅक्टरीच्या गेटला लागून टाइम ऑफिस होतं आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर नोटीस बोर्ड. सागवानी चौकट, आत हिरवं कापड, वरून काच आणि काचेला छोटं पितळी कुलूप. त्या कुलपाची किल्ली २६ वर्षं माझ्या खिशात होती. कुलूप कशासाठी, तर नोटीस कोणी फाडू नये म्हणून. फाडायला कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही. वाचायलाही कोणी येत नसे. पाळी सुटली की माणसं सायकल काढायची आणि निघायची. काचेत पाहून केसांवरून हात फिरवणारे मात्र रोजचे होते.

फॅक्टरी सरकीच्या तेलाची. हिंगणघाटच्या बाहेर, नागपूर-हैदराबाद रस्त्यालगत. नाव लिहीत नाही. मालक मध्ये दोनदा बदलले, आणि जे सांगणार आहे त्यातला बराच दोष माझ्याही खात्यावर आहे. १९९३ साली टाइमकीपर म्हणून लागलो, पुढे त्याच टेबलावर पर्सोनेलचं काम आलं. कायम कामगार १३० च्या आसपास. दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात उतरला, जिनिंगा सुरू झाल्या की रोजंदारीवरची माणसं वेगळी. हजेरी, रजा, पगारपत्रक माझ्याकडे, आणि कायद्याप्रमाणे जे जे भिंतीवर लावायचं ते लावणंही माझ्याकडेच.

बाबा गिरणीत होते. हिंगणघाटात माझ्या वयाच्या कित्येकांचे बाप गिरणीतच होते. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावानं विकला जायचा, हे आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं जाई. त्या शतकाच्या अखेरीस गिरण्या आल्या आणि गावाला भोंगा मिळाला. लहानपणी मी बाबांना एकदा विचारलं होतं, पाळीची वेळ कोण ठरवतं? "भोंगा," ते म्हणाले. मस्करी करत होते असं वाटत नाही.

नोकरी करता करता नागपूरहून कामगार कायद्याची पदविका केली, तेव्हा समजलं की बाबांच्या गिरणीला एक कायदा आणि माझ्या फॅक्टरीला दुसरा. कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे पाळ्या, माणसांची कायमची कपात, कामाच्या पद्धती अशा ठरावीक बाबींत मालकाला बदल करायचा असेल, तर कामगारांच्या प्रतिनिधीला आधी नोटीस द्यावी लागे. ही कल्पना त्याच्याही आधीची, १९३८ च्या मुंबईच्या कायद्यातली. त्याच कायद्यानं संपावर बंधनं आणली म्हणून डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांबरोबर ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप केला होता. म्हणजे मालकानं आधी कळवायचं ही चांगली गोष्ट आणि कामगारानं थांबायचं ही त्याच्या दृष्टीनं वाईट गोष्ट, दोन्ही एकाच पुडीत बांधून आल्या.

बाबांना मी हे सगळं मोठ्या उत्साहात सांगितलं. ते म्हणाले, "ते नोटीस युनियनच्या हापिसात जाते ना बापू. आपल्या घरी कुठं येते?" प्रतिनिधी कोण, यावरच सगळं अडतं, हे त्यांनी पदविका न करता ओळखलं होतं. मुंबईत १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या मागे लाखो गिरणी कामगार संपावर गेले, तरी कायद्याच्या वहीत प्रतिनिधी म्हणून नाव राष्ट्रीय मिल मजदूर संघाचंच राहिलं. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी बोलण्याची कायद्याला गरज पडली नाही.

माझ्या फॅक्टरीला लागू होता १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, त्यातलं कलम ९-अ. चौथ्या परिशिष्टात अकरा बाबी होत्या. पगार, भविष्य निर्वाह निधीतला वाटा, भत्ते, कामाचे तास, रजा, पाळ्या, श्रेणी, वहिवाटीच्या सवलती, शिस्तीचे नवे नियम, यांत्रिकीकरणासारखे फेरबदल आणि माणसांची संख्या. यातलं काही बदलायचं तर नोटीस द्या, आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवस तो बदल करू नका. एवढंच. त्या २१ दिवसांत कोणी कोणाशी काय बोलायचं, याबद्दल कलमात अक्षर नव्हतं.

बोललं नाही तरी चालतं, हे आमच्याकडे फार लवकर ध्यानात आलं.

२००४ च्या हंगामातली गोष्ट. पाळ्या तेव्हा सात, तीन आणि अकराच्या. एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावून मजकूर दिला. पाळ्या सहा, दोन आणि दहाच्या करायच्या. मजकूर इंग्रजीत. कारण म्हणून लिहिलं होतं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह एक्झिजन्सीज'. एक्झिजन्सीचं स्पेलिंग मला डिक्शनरीत पाहावं लागलं. आमच्याच भिंतीवर नोकरीच्या अटी-शर्तींचे स्थायी आदेश लागले होते, ते इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावले पाहिजेत असा कायदा असल्यामुळे मराठीतसुद्धा होते. हा कागद मराठीतही लावावा का, असं मी विचारलं. "युनियनला कॉपी जाणारच आहे," साहेब म्हणाले. "आणि तारीख तीन दिवस मागची टाका. उशीर झालाय."

टाकली. एक प्रत वर्ध्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, एक युनियनच्या सेक्रेटरीला, एक बोर्डावर. सेक्रेटरी प्रेसवर मशीनमन होता, नववी पास. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बाबू, काय आहे याच्यात?" मी सांगितलं. "बरं," तो म्हणाला. आज वाटतं, मी सांगितलं ते अशा आवाजात सांगितलं की त्यावर 'बरं'शिवाय दुसरं काही म्हणता येऊ नये.

२१ दिवस गेले. लेखी हरकत आली नाही. साहेबांच्या लेखी हा होकार होता.

बाविसाव्या दिवशी पहाटे साडेपाचला मी टाइम ऑफिस उघडलं. जानेवारीची थंडी, ट्यूबलाइट चालू व्हायला दहा वेळा फडफडली. टोकनांचा फळा म्हणजे लाकडी पाटीवर हुक आणि प्रत्येक हुकावर नंबर कोरलेलं पितळी टोकन. माणूस आला की आपलं टोकन काढून खिडकीतून आत टाकायचा. सहा वाजले तेव्हा पहिल्या पाळीच्या ४४ टोकनांपैकी २६ हुकावरच लटकत होती. रात्रपाळीची माणसं मशीन सोडून जाऊ शकत नव्हती, कारण हातात घ्यायला कोणी नव्हतं. सातला पाच कमी असताना गेटवर एकदम गलका झाला. सगळे आले. घामानं नाही, दवानं ओले.

कारण मला आधीपासून माहीत होतं, हे लिहायला आजही जड जातं. निम्मी माणसं खेड्यांतली. कोणी वडनेर-पोहण्याकडचा, कोणी अल्लीपूरकडचा. ही माणसं मुक्कामी एसटीनं यायची. रात्री गावात थांबलेली गाडी पहाटे तिथून सुटते, ती हिंगणघाटला साडेसहाच्या पुढेमागे लागते. सहाच्या पाळीला ती गाडी चालतच नाही. सायकलनं यायचं तर चारला उठायचं, आणि ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्यानं तीनला. हे त्यांच्या हजेरीवरून, उशिराच्या खुणांवरून, रजेच्या अर्जांवरून फॅक्टरीत सगळ्यांत जास्त मला कळत होतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

आठ दिवस हे असंच चाललं. रात्रपाळीचे तीसेक जण रोज एक तास जास्त थांबत. कारखाने कायद्याप्रमाणे त्याचा मोबदला दुप्पट दरानं. आठव्या दिवशी मी ओव्हरटाइमचा तक्ता करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. इतके दिवस माणसं सांगत होती ते साहेबांना ऐकू गेलं नव्हतं. तो तक्ता मात्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. त्याच दुपारी वर्क्स कमिटीची बैठक लावायला सांगितलं.

वर्क्स कमिटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती बऱ्याच ठिकाणी असते आणि तिचा पत्ता बऱ्याच जणांना नसतो. शंभर किंवा जास्त कामगार असतील तर सरकार मालकाला अशी समिती नेमायला सांगू शकतं. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. काम काय, तर दोघांत सलोखा राखणं आणि दोघांच्या हिताच्या गोष्टींवर मत देणं. आमच्या समितीचं रजिस्टर मीच लिहायचो. त्यात दर तीन महिन्यांनी साबणाची वडी लहान आहे, चहात दूध नाही, पिण्याच्या पाण्याची टाकी धुवावी, एवढंच सापडेल. यात आमचाच दोष होता असं नाही. १९५९ च्या भारतीय श्रम परिषदेत या समित्यांनी काय पाहावं आणि काय पाहू नये याची यादीच झाली होती. पाणी, उपाहारगृह, हवा-उजेड, सणांच्या सुट्ट्यांची अदलाबदल या गोष्टी आत, पगार, बोनस, कपात आणि फेरबदल बाहेर. सर्वोच्च न्यायालयानंही १९६० साली नॉर्थब्रुक ज्यूटच्या खटल्यात सांगितलं की ही समिती युनियनची जागा घेऊ शकत नाही. बरोबरच आहे. पण त्यामुळे आमच्याकडे असं झालं की जिथं बोलता येई तिथं साबणच होता, आणि जिथं पाळ्या होत्या तिथं बोलणं नव्हतं.

त्या दिवशी मात्र कँटीनच्या बाकांवर दोन्ही बाजू बसल्या, युनियनचा सेक्रेटरीही होता. उपाध्यक्ष होते आमचे बॉयलरवाले काकाजी. काळेसावळे, भुवया बॉयलरच्या झळीनं कायम अर्ध्या जळालेल्या. साहेबांनी सुरुवात केली, गैरहजेरी सहन केली जाणार नाही वगैरे. काकाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, आमाले सातच काऊन पाहिजे थे मी सांगतो. पण तुमाले सहा काऊन पाहिजे थे तं पयले सांगा."

साहेब जरा थांबले. मला वाटतं त्यांना खरोखरच कधी कोणी हे विचारलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. वीज मंडळाच्या नव्या दरपद्धतीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतली वीज स्वस्त होती. रात्रपाळी बरोबर त्या आठ तासांत बसवली की बिलात चांगली बचत होणार होती.

"असं व्हय!" काकाजी म्हणाले. "मंग हे त्या कागदावर काऊन नाई लिवलं?"

याला उत्तर नव्हतं. एक्झिजन्सी म्हणजे वीजबिल, हे मलाही त्याच क्षणी कळत होतं. नोटीस मी टाइप केली होती.

पुढचं सगळं लिंटर विभागाच्या मिस्त्रीनं सोडवलं. सरकीला जिनिंगनंतरही बारीक तंतू चिकटलेले राहतात. ते लिंटर मशीनवर काढावे लागतात, आणि आमच्याकडे सगळ्यांत जास्त वीज खाणाऱ्या मोटारी त्याच. मिस्त्री म्हणाला, तेलाच्या प्लँटला चोवीस तास माल लागतो, पण लिंटरचं काम चोवीस तास करायलाच पाहिजे असं नाही. दिवसा सरकी चाळून, साफ करून ढीग लावू. लिंटर सगळे रात्री चालवू. अकरा ते सहा सात तास स्वस्त विजेचे सापडतात, एकच तास हातचा जातो. "माणसाईले उठवण्यापरीस मोटारी उठवा नं साहेब."

लिंटरवर रात्रपाळीत चार माणसं जास्त लागणार होती. ती कोण, हेही तिथंच ठरलं. दोघं गावातलेच तयार झाले, दोघांनी रात्रभत्ता थोडा वाढवून मागितला. दीड पानाचा करार झाला. मी तो मराठीत लिहिला, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. साहेबांनी विचारलं, आता याची परत २१ दिवसांची नोटीस लावायची का? वर्ध्याला फोन केला तर उत्तर आलं की बदल समझोत्यानं होत असेल तर ९-अ ची नोटीस लागतच नाही. मी कायदा उघडला. परंतुकात स्वच्छ लिहिलेलं होतं, मी परीक्षेसाठी पाठही केलेलं होतं. म्हणजे आधी बोलून सही घेतली असती तर दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं असतं. २१ दिवस आम्ही कायद्यामुळे थांबलो नव्हतो. तोंड न उघडण्यामुळे थांबलो होतो, आणि वर आठ दिवसांचा दुप्पट ओव्हरटाइम.

त्यानंतर मी नागपूरला गेलो की वकिलांकडे बसून या कलमावरचे निकाल वाचायचो. छंदच म्हणा. त्यातला १९७२ चा टाटा आयर्न अँड स्टीलचा निकाल माझ्या टेबलाच्या काचेखाली बरीच वर्षं होता. कोळसा खाणीत साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी केली, नोटीस न देता. न्यायालयानं नोटीस का लागते ते सांगितलं आहे. बदलाचा आपल्यावर काय परिणाम होईल याचा कामगारांना विचार करता यावा, त्यांची बाजू मांडता यावी, आणि अशा विचारविनिमयानं उद्योग दोघांचा आहे ही भावना वाढावी, असा त्याचा आशय. कलमात नसलेला 'विचारविनिमय' न्यायाधीशांनी असा बाहेर काढून दाखवला. दुसरा निकाल आमच्या शेजारचाच, नागपूरच्या लोकमत वृत्तपत्राचा. हातानं खिळे जुळवणाऱ्यांचा विभाग जाऊन फोटो-कंपोझिंग आलं, कंपोझिटरांच्या नोकऱ्या गेल्या. नोटीस बदलाच्या आधी हवी, बदल सुरू करून मग दिलेली नव्हे, हे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयात त्यातून पक्कं झालं. आमच्याकडे मशीन आधी यायचं, पॅकिंगच्या लाकडी पेट्या आवारात पडलेल्या असायच्या, आणि मग मला मजकूर मिळायचा. लोकमतचा निकाल दाखवल्यावर एवढा फरक पडला की पेट्यांवर ताडपत्री टाकू लागले.

सगळं काही असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एक्स्पेलरमधून दाबून काढल्यावरही ढेपेत तेल उरतं. ते काढायला हेक्झेन लागतं. हेक्झेन ढेपेतून फिरवायचं, त्यात तेल उतरतं, मग उष्णता देऊन हेक्झेन उडवायचं आणि थंड करून परत वापरायचं. पेट्रोलसारखं पेटणारं द्रव. त्याची वाफ हवेपेक्षा जड, वर जात नाही. जमिनीलगत सरकते, खड्ड्यात, नालीत साचते. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत मालक आणि कामगार यांच्या समान संख्येची सुरक्षा समिती सक्तीची झाली, कलम ४१-ग. इथं नोटिशीचा प्रश्नच नाही. समोरासमोर बसायचंच.

आम्ही कागदावर बसत होतो. इतिवृत्त मी बैठकीच्या आदल्या दिवशी लिहून ठेवायचो आणि सह्या नंतर फिरवायचो. पाळ्यांच्या प्रकरणानंतर काकाजी सुरक्षा समितीत आले आणि पहिल्याच वेळी सही करायला नकार दिला. "बसलोच नाई तं सही कायची?" झाली बैठक. त्यात त्यांनी सांगितलं की हेक्झेन वापरणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटच्या मागची नाली कंपाउंडच्या भिंतीखालून बाहेर जाते, आणि भिंतीपलीकडे जिथं ट्रक उभे राहतात तिथं ड्रायव्हर लोक स्टोव्ह पेटवून पोळ्या भाजतात. नालीच्या तोंडापासून दहा पावलांवर.

कोणी क्षणभर बोललंच नाही. आम्ही सगळे गेलो, भिंतीला वळसा घालून. राख होती, तीन दगडांची चूलही होती. मी दहा वर्षं तिथं काम करत होतो आणि भिंतीपलीकडे एकदाही गेलो नव्हतो. आठवडाभरात नालीवर झाकण आणि पाण्याचा सापळा बसला, ट्रकांची जागा रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला गेली.

काकाजींना हे दिसलं कसं, ते मी नंतर विचारलं. त्यांना दिसलं नव्हतं. सांडलेली सरकी झाडून गोळा करणाऱ्या बाया होत्या, ठेकेदाराच्या, ट्रकांपर्यंत जाणाऱ्या. त्यातल्या एकीनं त्यांना सांगितलं होतं की तिकडं नालीत "दवाखान्यासारखा वास" येतो. त्या बायांची टोकनं माझ्या फळ्यावर नव्हती. समितीत त्या येऊ शकत नव्हत्या. त्या इतिवृत्तात सूचना काकाजींच्या नावानं आहे, माझ्याच अक्षरात.

दिवाळीच्या तेलाच्या डब्याचं थोडक्यात सांगतो. दर दिवाळीला प्रत्येक कामगाराला पाच किलो तेल मिळायचं. कोणत्याही करारात नव्हतं, पण कितीतरी वर्षं चालत आलेलं. एका वर्षी ते बंद करून त्याऐवजी पगारात रक्कम द्यायचं ठरलं, परस्पर. रक्कम तेलाच्या भावापेक्षा जास्तच होती. तरी माणसं बिथरली, आणि साहेबांना त्याचं कारणच कळेना. डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून गल्लीतून जायचा असतो, हे पगारपत्रकात दिसत नाही. परिशिष्टातली आठवी बाब, वहिवाटीची सवलत, मी दाखवली. डबा परत आला.

या चारपाच वर्षांत मला असं वाटू लागलं होतं की आमची फॅक्टरी शिकली. माणूस आपल्याच कामाच्या जागी जरा भाबडा होतो. मालक बदलले, मॅनेजर बदलले. २०१४ साली पॅकिंग विभाग ठेकेदाराला द्यायचं ठरलं. या वेळी नोटिशीत कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. नोटीस वेळेवर, तारीख खरी, मराठीतसुद्धा. २१ दिवस मोजून थांबले. प्रतिनिधींना बोलावून चहा दिला, ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाविसाव्या दिवशी जे ठरलं होतं तेच केलं. ज्यांना हिशेब देऊन घरी पाठवलं त्यांच्यापैकी काही जण पुढच्या महिन्यात ठेकेदाराकडून त्याच मशीनवर आले, जवळपास अर्ध्या पगारात. कायम कामगार ९७ उरले. शंभराच्या खाली आल्यावर वर्क्स कमिटीची गरज राहिली नाही, असं वरून कळवण्यात आलं. रजिस्टर मी कपाटात ठेवलं. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं जी तक्रार निवारण समिती २०१० च्या दुरुस्तीनं सक्तीची झाली होती, तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर होती. त्यातला एक जण निवृत्त झाल्यावरही त्याचं नाव दोन वर्षं तिथंच होतं.

माझा पुतण्या इंग्लंडमध्ये एका गोदामात कामाला आहे. तिकडे शंभर किंवा जास्त लोकांना एकदम कमी करायचं असेल तर आधी किमान ४५ दिवस सल्लामसलत करावी लागते, आणि ती सहमतीवर येण्याच्या हेतूनं केली पाहिजे असं कायद्यातच लिहिलेलं आहे. त्याला विचारलं, मग सहमती होते का? तो हसला. म्हणाला, काका, सहमती नाही होत, पण त्यांना आकडे दाखवावे लागतात. आकडे पाहिल्यावर आपले लोक कधी कधी वेगळा रस्ता सांगतात. मला लिंटरचा मिस्त्री आठवला.

आपल्याही राज्यघटनेत १९७६ च्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम ४३-अ आहे, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागासाठी राज्यानं पावलं टाकावीत असं सांगणारं. मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. परीक्षेत मात्र हमखास विचारतात. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली, १९४७ चा कायदा गेला. त्यात बदलाची नोटीस आहे, २१ दिवस तेच आहेत. ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे असतील तिलाच एकटीला बोलणीचा हक्क, नाहीतर अनेक युनियनांची मिळून परिषद. बंद करण्यापूर्वी किंवा कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यायची अट आता तीनशे कामगारांपासून. आमच्या रस्त्यावरच्या फॅक्टऱ्यांत तीनशे कायम माणसं एका छताखाली कितीजणांकडे असतील, ते मी मनातल्या मनात मोजून पाहिलं आणि सोडून दिलं.

निवृत्तीच्या दिवशी मी किल्ली नव्या पोराच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "सर, हे कशाची?"

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी कारंजा चौकात काकाजी भेटले. वय ऐंशीच्या घरात, भुवया आता पांढऱ्या पण पूर्ण. बैलाच्या शिंगांना लावायचे बेगड घ्यायला नातवाबरोबर आले होते. बैल नाहीत आता, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे. नातू त्याच रस्त्यावरच्या एका फॅक्टरीत ठेकेदाराकडे लागला आहे. चहा घेता घेता काकाजींनी विचारलं, "बाबू, बोर्ड आहे का अजून?"

आहे, पण रिकामा, मी म्हटलं. हल्ली नोटिसा मोबाइलवर येतात.

नातवानं खिशातून फोन काढून दाखवला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता, दोनशेवर माणसं. कालच संदेश आला होता, पुढच्या सोमवारपासून पाळीची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे. मराठीत होता, ठळक अक्षरांत, खाली हात जोडलेलं चित्र. काकाजींनी फोन लांब धरून सगळं वाचलं, मग डोळ्यांजवळ आणून पुन्हा वाचलं.

"मंग याले उत्तर कुठून द्याचं?" त्यांनी विचारलं.

नातवानं बोट खाली नेलं. जिथं एरवी लिहायची चौकट असते तिथं एक ओळ होती, फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. काकाजींनी त्या ओळीवर दोनदा बोट टेकवून पाहिलं. काही झालं नाही. मग त्यांनी फोन नातवाला परत दिला आणि बेगडवाल्याला भाव विचारायला वळले.